भंडारदऱ्याच्या तळ्याला सायकलनं वळसा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भंडारदऱ्याच्या धरणामागे साठणाऱ्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात, आणि त्याला एक रस्ता पूर्ण वळसा घालतो. धरणाजवळच्या शेंडी गावातून निघायचं, मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर गाठायचं, तिथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत पुन्हा शेंडीत यायचं. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. तळं समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. एका अंगाला कळसूबाईची रांग, दुसऱ्या अंगाला रतनगड आणि पाबरगड, मध्ये पाणी आणि काठाकाठानं वाड्या.

मोटारीतून येणारे ही फेरी दोन-अडीच तासांत उरकतात. सराव असलेले सायकलवाले एका सकाळी पूर्ण करतात. तुम्ही पहिल्यांदाच सायकल घेऊन घाटमाथ्यावर जात असाल तर माझं सांगणं वेगळं आहे: दोन दिवस घ्या, आठवड्याच्या मधले वार निवडा आणि रात्रीचा मुक्काम तळ्याच्या पलीकडच्या टोकाला करा. पुढचं सगळं मार्गदर्शन या तीन गोष्टींवर उभं आहे.

हा रस्ता वाहनांना बंद नाही, हे आधीच स्पष्ट असू द्या. इथे मिळणारी शांतता वार आणि वेळ निवडण्यातून मिळते. डिसेंबरातल्या बुधवारी सकाळी घाटघरकडे निघालात तर शाळेत चाललेली मुलं, दुधाच्या किटल्या लावलेली एखादी मोटारसायकल, गुरं आणि एखादी एसटी, एवढीच रहदारी भेटते. त्याच रस्त्यावर ऑगस्टमधल्या रविवारी गाड्यांची रांग हलत नाही.

आधी महिना ठरवा, मग वार

ऑक्टोबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा काळ सर्वांत चांगला. ऑक्टोबरात तळं काठोकाठ असतं, बांधांवर सोनकी आणि शेतात पिवळी खुरासणी फुललेली असते. नोव्हेंबरात भाताची कापणी आणि झोडणी चालू असते, हवेत पेंढ्याचा वास असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हँडल धरवत नाही इतके हात गारठतात, पण नऊनंतर ऊन सुखद होतं आणि डोंगररांगा स्वच्छ दिसतात. नवख्यासाठी माझी पसंती डिसेंबरला आहे. रस्ता कोरडा असतो, पाणी अजून बऱ्यापैकी असतं आणि दुपारच्या उन्हाचा त्रास होत नाही.

पावसाळ्यात पहिली फेरी करू नका. नगर जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, मोठा भाग दुष्काळी असला तरी त्याचं हे पश्चिमेचं टोक सह्याद्रीच्या धारेवर आहे. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात जोराच्या वर्षी पाऊस ५ हजार मिलिमीटर ओलांडतो. धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, डांबरावर शेवाळ धरतं, आणि सुट्टीच्या दिवशी धबधब्यांपायी सगळा रस्ता अडलेला असतो. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला रात्रभर गाड्या फिरतात, तेव्हाही सायकल घरीच बरी. मार्चपासून पाणी बरंच खाली जातं आणि ऊन चटके देतं.

वार सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी संध्याकाळपासून काठावरच्या तंबूंमध्ये लोक यायला लागतात आणि शनिवारी रात्री स्पीकरचे आवाज पाण्यावरून पार पलीकडे ऐकू येतात. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. नवरात्रात कळसूबाईची यात्रा असते, त्यामुळे बारी गावाकडून येणारा रस्ता गजबजलेला असतो. महाशिवरात्रीला रतनवाडीच्या अमृतेश्वराची यात्रा भरते. यात्रा पाहायला अवश्य जावं, पण सायकलफेरी त्या दिवशी नको.

सायकल कोणती

महागडी सायकल लागत नाही. हलका गिअर मात्र लागतोच. पुढचं सर्वांत लहान चक्र आणि मागचं सर्वांत मोठं चक्र यांच्या दात्यांची संख्या जवळपास सारखी असेल, उदाहरणार्थ पुढे ३२ आणि मागे ३२ किंवा ३४, तर सामानासकट या रस्त्यावरचे बहुतेक चढ बसून चढता येतात. साधी हायब्रिड किंवा एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, यात बसते. बारीक टायरची रोड बाइक चालते, पण डांबर उखडलेल्या पट्ट्यांवर हात आणि कंबर दोन्ही दुखतात. टायर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावा. विकत घेण्याआधी भाड्यानं घेऊन पाहायची असेल तर पुण्या-मुंबईत चांगल्या सायकली मिळतात. घेताना दुकानदाराकडून ब्रेकपॅड किती उरलेत ते बघून घ्या.

सीटची उंची नीट नसेल तर दुसऱ्या तासाला गुडघे बोलायला लागतात. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र एका बाजूला कलता कामा नये. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर घेतला की गुडघ्यात हवी तेवढी घडी आपोआप येते. आपल्याकडे बहुतेकांची सीट गरजेपेक्षा खाली असते, पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत म्हणून. शहरातल्या सिग्नलला ते ठीक असेल, चढावर ते महागात पडतं.

पाठीवर सॅक घेऊ नका. मागे कॅरिअर बसवा आणि सामान दोन बाजूंच्या पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लटकणाऱ्या पिशव्यांत, विभागा. पॅनियर नसतील तर एकच पिशवी कॅरिअरवर रबरी पट्ट्यांनी घट्ट बांधा आणि पट्टीचं टोक चाकात लोंबत नाही ना, हे दोनदा बघा. दोन दिवसांचं सामान सहा-सात किलोंच्या वर जायला नको.

महिनाभराचा सराव

दोन दिवसांत ५० किलोमीटर म्हणजे दिवसाला २५ ते ३०. सपाटीवर हे काहीच नाही, पण इथे सपाटी फार कमी आहे. निघण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा तासभर आणि रविवारी एक लांब फेरी करा. शेवटच्या दोन रविवारी ३५ ते ४० किलोमीटर जा, आणि वाटेत खरा चढ असू द्या. पुण्याच्या लोकांना खडकवासल्याहून पानशेतकडे जाणारा रस्ता यासाठी सोयीचा आहे. शेवटची फेरी भरलेल्या पिशव्या लावून करा. वजन मागे असलं की सायकल वळणावर वेगळी वागते आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, हे घरापाशीच कळलेलं चांगलं.

सरावात वेगाकडे पाहू नका, पायांच्या लयीकडे पाहा. मिनिटाला ७० ते ८० फेरे पडतील असा हलका गिअर ठेवायचा. जड गिअर रेटत गेलात तर पहिला तास छान जातो आणि नंतर मांड्या भरून येतात. चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करायचा, चढात दाब देऊन नाही; चेन उतरते किंवा तुटते ती अशाच वेळी. आणि पंक्चर काढायला शिकाच. मागचं चाक काढणं, ट्यूब बदलणं, चाक परत बसवणं, हे घरी निवांतपणे दोन-तीनदा करून पाहिलं की घाटघरच्या जंगलात हात थरथरत नाहीत.

शेंडीपर्यंत कसं पोचायचं

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोटारीच्या मागे रॅक लावून सायकली शेंडीपर्यंत न्यायच्या आणि मोटार मुक्कामाच्या जागी सोडायची. मुंबईहून कसारा घाट चढून घोटीला महामार्ग सोडावा आणि बारी गावावरून शेंडीत उतरावं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. राजूरला थांबून पेढे घ्या, दुसऱ्या दिवशी कामाला येतात.

रेल्वेनं यायचं तर इगतपुरी हे स्टेशन. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, सायकल पार्सल करता येते, पण गाडी थोडा वेळच थांबते आणि सायकल उतरवून घेण्याची धावपळ होते. दोन्ही चाकं काढून सायकल पिशवीत भरून सोबत ठेवणं मला जास्त खात्रीचं वाटतं. इगतपुरीहून घोटीपर्यंतचा तुकडा मुंबई-आग्रा महामार्गाचा आहे, ट्रक जोरात जातात. नवख्यानं तिथे सायकल चालवू नये. स्टेशनबाहेर किंवा घोटीत छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, ठरवा आणि सायकली त्यात घालून थेट शेंडीला उतरा. चौघं असाल तर खर्च वाटला जातो.

पोचण्याची वेळ अशी धरा की आदल्या दिवशी संध्याकाळी शेंडीत असाल. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, गावात खासगी खोल्याही मिळतात. प्रवास करून आल्या आल्या दुपारी अकराला फेरी सुरू करणं ही नवख्यांची नेहमीची गफलत. उन्हात चढ येतात, वेळ पुरत नाही, आणि मग जंगलाचा सर्वांत सुंदर पट्टा घड्याळाकडे बघत पार करावा लागतो.

पिशवीत काय

दोन नव्या ट्यूब, पंक्चर किट, टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टीटूल, चेन जोडायची मिसिंग लिंक, थोडी चिकटपट्टी आणि चार-पाच झिप टाय. राजूर-घोटीत साध्या सायकलची दुरुस्ती होते, पण गिअरचे सुटे भाग मिळण्याची आशा धरू नका. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, हेल्मेट, विंडचीटर, कानटोपी, रात्रीसाठी एक टॉर्च. पाणी दोन लिटर प्रत्येकी, ओआरएसच्या दोन पुड्या, शेंगदाण्याची चिक्की, केळी, खजूर.

रोख पैसे सुट्या नोटांत ठेवा. घाटघर, साम्रद, रतनवाडी या भागात मोबाइलला रेंज धड नसते, त्यामुळे यूपीआयवर विसंबून राहता येत नाही. नकाशा आदल्या रात्रीच डाउनलोड करा. घरच्यांना सांगून निघा की दुपारनंतर फोन लागणार नाही, संध्याकाळी जमेल तसा निरोप येईल.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते घोषित झालं. शेंडीच्या नाक्यावर वन विभागाचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. पावती फेरी संपेपर्यंत जपा.

तळं डाव्या हाताला

फेरी कोणत्या दिशेनं करायची? देवाची प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. तळ्याची मात्र उलटी घाला, तळं डाव्या हाताला ठेवून. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतो, त्यामुळे पाणी कायम आपल्याच बाजूला राहतं. थांबावंसं वाटलं तर रस्ता ओलांडायचा नाही, नुसतं कडेला व्हायचं. दुसरा फायदा उन्हाचा. पहिल्या दिवशी सकाळी शेंडीहून पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि समोरचे डोंगर उजळलेले दिसतात.

पहिला दिवस: शेंडी ते रतनवाडी

साडेसहाला चहा आणि पोहे, सातला पायडल. निघण्याआधी टायरची हवा, दोन्ही ब्रेक आणि चाकांचे नट तपासा.

शेंडी सोडताना भंडारदऱ्याच्या धरणाची, म्हणजे विल्सन धरणाची, भिंत दिसते. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेवर ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत उभी राहिली आणि मागे दरी भरली. तळ्याच्या पाण्याची पातळी वर्षभर हलत राहते, कारण हे पाणी इथल्यासाठी साठवलेलं नाही. खाली प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून ते संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या शेतीला जातं, त्यात ऊस मोठा. आवर्तन, म्हणजे कालव्यांना पाणी सोडण्याची पाळी, सुटलं की पाणी उतरतं आणि काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. मागच्या वर्षीच्या फोटोत पाहिलेली जागा यंदा पाण्याखाली असू शकते, किंवा पाण्यापासून बरीच दूर. शेंडीत सहज विचारलंत तरी आवर्तन चालू आहे की नाही ते कळतं.

मुरशेतपर्यंतचा रस्ता अंग मोकळं करायला चांगला आहे. छोटे चढ, छोटे उतार. या पहिल्या पट्ट्यात उजवीकडे कळसूबाई दिसते, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. माथ्यावरचं देऊळ स्वच्छ हवेत ठिपक्याएवढं दिसतं. मुरशेतच्या आसपास काठावर तंबूंची बरीच ठिकाणं आहेत. मधल्या वारी ती रिकामी असतात, तिथे पाण्याजवळ बसून पहिली विश्रांती घेता येते. पाण्यात मात्र उतरू नका. काठाशी उथळ वाटलं तरी खाली जुनी दरी आहे, उतार एकदम खोल जातो, आणि गाळात पाय रुततो.

पांजरे ओलांडून उडदावण्याकडे जाल तसं उजवीकडे अलंग, मदन आणि कुलंगचे कातळ उभे राहतात. गिर्यारोहकांना या तिन्ही गडांचं मोठं वेड, कारण तिथे दोर लावल्याशिवाय काही टप्पे चढता येत नाहीत. सायकलवरून त्यांच्याकडे बघायला वेळच वेळ मिळतो. इथे घाई करू नका. ताशी दहा-बारा किलोमीटर हा वेग पुरेसा आहे. याच वेगात हिरड्या-बेहड्याची झाडं ओळखता येतात, करवंदीच्या जाळीतली खसफस ऐकू येते, आणि उंच फांदीवरून शेकरू झेप घेताना दिसण्याची शक्यता असते. शेकरूचा आवाज आधी येतो, खटखट असा. ऐकला की थांबा, पाय टेकवा आणि झाडाच्या शेंड्याकडे पाहा.

शेंडीपासून घाटघर साधारण २० ते २२ किलोमीटर. थांबत-थांबत गेलात तरी साडेदहा-अकराला पोचता. गावात जेवण आधी सांगून ठेवा आणि ते शिजेपर्यंत कोकणकड्यावर जाऊन या. इथे सह्याद्री तुटतो. पायाखाली सरळ कोकण, शहापूर तालुक्यातलं चोंढे गाव आणि त्याजवळचं धरण. घाटघरच्या वरच्या धरणातलं पाणी भूमिगत वीजगृहातून खाली सोडून २५० मेगावॅट वीज तयार होते, आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवलं जातं. हे माहीत असलं की कड्यावरून दिसणाऱ्या दोन जलाशयांचा संबंध लागतो. कड्यावर वारा अचानक जोर धरतो. सायकल कठड्यापासून लांब आडवी ठेवा आणि टोकावर जाऊन फोटो काढू नका.

जेवण म्हणजे नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात. भात इथला आहे, काठच्या खाचरांतला. पोटभर जेवा आणि तासभर आडवे व्हा. पुढचा टप्पा सर्वांत दमवणारा आहे, तो अडीच-तीनला सुरू केलात तर ऊन उतरलेलं असतं.

घाटघर ते साम्रद आणि साम्रद ते रतनवाडी हा संपूर्ण फेरीचा गाभा आहे, आणि मोटारवाले जो भाग सर्वांत वेगानं पार करतात तोही हाच. जंगल दाट होतं, वस्ती विरळ होते, चढउतार वाढतात. डांबराची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते, त्यामुळे उतारावर वेग आवरा. वळणांवर बारीक खडी आणि वाळू साचलेली असते. ब्रेक वळणाच्या आधी लावा, दोन्ही एकदम, हलके हलके. वळणात असताना पुढचा ब्रेक दाबला की चाक सटकतं. आंधळ्या वळणावर घंटी वाजवा, कारण चरून परतणारी गुरं पलीकडे असू शकतात.

चढ जड वाटला तर उतरून सायकल ढकला. मी सायकलप्रवासात ढकलण्याला चालवण्याइतकाच मान देतो. चालताना श्वास शांत होतो, आजूबाजूचं दिसतं, आणि मांड्या उद्यासाठी वाचतात.

साम्रद हे सांदण दरीचं गाव. वेळ हातात असेल, म्हणजे साडेतीनच्या आत पोचला असाल, तर सायकली एखाद्या घरी ठेवून दरीच्या तोंडापर्यंत चालत जाऊन या. दोन्ही बाजूंनी कातळ इतके जवळ येतात की आत ऊन जेमतेम पोचतं. पहिला थोडा भागच पाहा. पुढे पाण्याची कुंडं आणि दोराचे टप्पे आहेत, ते स्थानिक वाटाड्याशिवाय करायचे नाहीत. उशीर झाला असेल तर सांदण सोडून द्या आणि साम्रदलाच मुक्काम करा. अंधारात या जंगलातून सायकल चालवायची नाही, हा नियम मोडू नका. बिबट्यांचा हा प्रदेश आहे. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, पाचला तुम्ही मुक्कामाच्या दारात असायला हवं.

रतनवाडीत आणि साम्रदमध्ये घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. शेंडीतून निघतानाच कुणाचा तरी फोन मिळवून किती जण येणार ते कळवा. ऐनवेळी सहा जण दारात उभे राहिले तर त्या घरातल्या बाईला रात्री पुन्हा चूल पेटवावी लागते. अंथरूण-पांघरूण मिळतं, पण थंडी चांगलीच असते, लोकरीचे मोजे जवळ ठेवा. झोपण्याआधी चेन फडक्यानं पुसून तेलाचे थेंब सोडा आणि टायर हातानं चाचपून काटा-काच रुतली नाही ना ते पाहा.

दुसरा दिवस: रतनवाडी ते शेंडी

सकाळी लगेच निघू नका. परतीचा रस्ता पूर्वेकडे जातो आणि पहिले दोन तास ऊन थेट डोळ्यांवर येतं. समोरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसलात तरी तुम्हाला ती नीट दिसत नाही. हा वेळ अमृतेश्वराच्या मंदिरात घालवा. शिलाहार राजा झंझ याच्या काळाशी जोडलं जाणारं हे दगडी मंदिर आहे. खांबांवरचं आणि बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात विशेष उठून दिसतं. जवळच पुष्करणी आहे, चौकोनी, पायऱ्यांची, भिंतीतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती असलेली. मागे रतनगड आणि त्याच्या शेजारी उभा खुटा नावाचा सुळका. याच डोंगरात प्रवरा उगम पावते, आणि काल सकाळी ज्या भिंतीजवळून निघालात ती याच नदीवर बांधलेली आहे.

रतनगड चढायचा मोह होईल. त्यासाठी पूर्ण एक दिवस लागतो. सायकलच्या दुसऱ्या दिवशी तो उरकायला जाऊ नका. तिसरा दिवस हाताशी असेल तर रतनवाडीतच आणखी एक रात्र राहा.

नऊनंतर निघालात की कोलटेंभे आणि मुतखेल करत १८ ते २० किलोमीटरचा रस्ता उरतो. कालच्यापेक्षा हा सोपा आहे. पाणी झाडांतून डावीकडे दिसत राहतं, उजवीकडे पाबरगड येतो. या बाजूला सावली जास्त आहे आणि बसायला जागाही. राजूरचे पेढे इथे काढा.

दमल्यावर लक्ष सैल होतं, म्हणून शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये दर अर्ध्या तासानं दोन घोट पाणी आणि काहीतरी तोंडात टाका, तहान-भूक लागण्याची वाट न पाहता. मुतखेलच्या पुढे शेंडीजवळ येताना वाहनं वाढायला लागतात. तिथे एकामागे एक चालवा, गप्पा मारत जोडीनं नाही. बारापर्यंत शेंडीत पोचता.

वाड्यांतून जाताना

या काठच्या गावांत मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात, नागली, वरई, हिरडा गोळा करणं, आणि आता थोडा पर्यटनाचा व्यवसाय, अशी इथली उपजीविका. डोळ्यांसमोर एवढं पाणी असूनही उन्हाळ्यात अनेक वाड्यांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते, हे लक्षात घेऊन पाणी मागा आणि वापरा. बाटल्या भरून घ्या, पण सायकल धुवायला इथलं पाणी घेऊ नका.

घराच्या अंगणात, खळ्यावर, काम करणाऱ्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मावशी, काका म्हणून दोन शब्द बोललात की बहुतेक वेळा चहा समोर येतो. मुलांना चॉकलेटं वाटू नका. पुढच्या सायकलवाल्यामागे ती पळत येतात आणि उतारावर चाकाखाली येण्याचा धोका असतो. त्यांच्याशी बोला, घंटी वाजवू द्या, नाव विचारा. कुत्रं अंगावर आलं तर वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. दहा पावलांत ते शांत होतं.

ब्लूटूथ स्पीकर आणू नका, एकटे असलात तरी. रिकाम्या पिशव्या, चिक्कीचे कागद, जुनी ट्यूब, सगळं परत न्यायचं. जंगलात चूल पेटवायची नाही.

परत निघताना

शेंडीत जेवण करून निघायच्या आधी वेळ असेल तर रंधा धबधबा राजूरच्या रस्त्यावर साधारण दहा किलोमीटरवर आहे. हिवाळ्यात तिथे पाणी किती असेल ते वरून सोडलेल्या पाण्यावर ठरतं. तो मुख्य रस्ता आहे, गाड्या असतात, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्यांनी तो मोटारीतूनच पाहावा.

इगतपुरीला गाडी पकडायची असेल तर छोटा हत्ती किंवा जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि गाडीच्या वेळेआधी तीन तास हाताशी ठेवा. चाकं काढायला, सायकल पिशवीत भरायला अर्धा तास सहज जातो. पायडल काढताना डाव्या बाजूच्या पायडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. काढलेले पायडल आणि नट एका छोट्या पिशवीत घालून ती फ्रेमलाच बांधा.